पियानो थांबला की काय ऐकू येतं

आधी माझं काम सांगते, त्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. मी ऑडिओ एडिट करते. मुलाखती, पॉडकास्ट, कधीमधी एखादं ऑडिओबुक. दिवसभर कानाला हेडफोन, समोर स्क्रीनवर आवाजाची ती निळी नक्षी, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे गॅप कापणं. माणूस बोलता बोलता थांबतो, श्वास घेतो, 'म्हणजे... म्हणजे' करतो, शब्द शोधतो, ते सगळं काढून टाकायचं. क्लायंटचा निरोप ठरलेला, "जरा टाइट करा." टाइट म्हणजे ऐकणाऱ्याला उसंत मिळता कामा नये, मिळाली की तो दुसरं काहीतरी लावणार. इतकी वर्षं हेच केल्यामुळे आता समोरासमोर कोणी बोलताना थांबलं तरी माझा हात कट मारायला शिवशिवतो.

तर अशा बाईचा सगळ्यात आवडता पियानिस्ट अमेरिकेतला जॅझवाला अहमद जमाल असावा, काय म्हणायचं आता.

तो गेला 16 एप्रिल 2023 ला, मॅसॅच्युसेट्समधल्या राहत्या घरी, 92 वर्षांचा होता. तिकडे रविवार. मला सोमवारी सकाळी कळलं, मित्राचा मेसेज, नुसतं "जमाल गेला." मी कामाच्या कॉलवर होते, कोणीतरी डेडलाइनबद्दल बोलत होतं आणि मी म्यूटवर. जमाल गेल्याची बातमी म्यूटवर बसून वाचली हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली, मग एकटीच हसले. (एकेरीत लिहितेय, वयाने आजोबा शोभेल असा माणूस आहे, पण ज्याला रात्री-अपरात्री इतकं ऐकलंय त्याला अहोजाहो माझ्याच्याने होत नाही.)

पुढचे दोन-तीन दिवस जो तो जमालवर लिहीत होता, आणि जवळपास प्रत्येकाचा शब्द एकच. स्पेस. मोकळी जागा. न वाजवण्यातली कला. सुरांमधली शांतता. वाचून वाचून मला चिडचिडायला लागलं, आणि खरं कारण असं की मी स्वतः कित्येक वर्षं हेच सांगत फिरले होते. कोणी विचारलं की जमालमध्ये एवढं काय आहे, तर माझं उत्तर तयार: "तो काय वाजवत नाही ते ऐक." भारी वाटतं म्हणायला. समोरचाही मान डोलावतो. पण मला आता वाटतं की हे अर्धंच आहे, आणि ते अर्धं ज्या बाजूने सांगतात ती बाजूही चुकीची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो अजिबात आवडला नव्हता, हेही कबूल करते. लॉबीत वाजतं तसलं म्युझिक वाटलं. गोड, गुळगुळीत, कोणाला त्रास न देणारं. तोपर्यंत माझी पियानोची कल्पना म्हणजे ऑस्कर पीटरसन, दहा बोटांत वीस बोटांचं काम, ऐकताना आपलीच दमछाक. त्याच्यासमोर हा गडी दोन सूर वाजवतो आणि थांबतो. परत दोन सूर. मग तोच तुकडा आणखी एकदा, जरा वरच्या पट्ट्यांवर. मला वाटलं, अरे पुढे सरक की. आणि यात मी एकटी नव्हते, 1950 च्या दशकात तिकडच्या काही समीक्षकांनीही त्याला कॉकटेल पियानिस्ट म्हणून निकालात काढलं होतं. लोक गप्पा मारत ग्लास रिचवताना मागे वाजतं ते, असा अर्थ.

ज्याने निकालात काढलं नाही तो माइल्स डेव्हिस, जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला. माइल्सला जमालबद्दल पहिल्यांदा सांगितलं त्याच्या बहिणीने, शिकागोत ऐकून आली होती ती. मग माइल्सने जो ध्यास घेतला तो घेतला. जमाल वाजवायचा ती गाणी उचलली, स्वतःच्या बँडमधल्या पियानोवाल्या रेड गार्लंडला सांगितलं की जमालसारखं वाजव, 1956 च्या एका सेशनमध्ये तर जमालचं 'अहमद्स ब्लूज' गार्लंडने त्रिकुटात वाजवलं आणि माइल्स स्वतः ट्रम्पेट खाली ठेवून बाजूला. 1957 मध्ये 'माइल्स अहेड' रेकॉर्ड झाली, तिच्यात जमालचं 'न्यू रंबा' आहे. गिल एव्हान्सने ते मोठ्या बँडसाठी बसवलं, पण ढाचा थेट जमालच्या छोट्या बँडचाच. दोन-तीन माणसांनी वाजवलेली गोष्ट एवढा मोठा बँड वाजवतो आणि तरी ती भरगच्च होत नाही. म्हणजे रचना मुळात किती पक्की असणार बघा. लॉबी म्युझिकच्या नादाला माइल्स कशाला लागेल, या एका शंकेपायी मी जमालकडे परत गेले. कोणाच्या तरी शिफारशीवर ऐकायला लागणं तसं काही मानाचं नाही, पण असो.

परत गेले म्हणजे 'पॉइन्सियाना' या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या ट्रॅककडे गेले, सगळे तिथेच जातात. 16 जानेवारी 1958, शिकागोच्या साउथ साइडला पर्शिंग हॉटेल, त्याच्या लाउंजमध्ये हे त्रिकूट नेमाने वाजवायचं. पियानोवर जमाल, डबल बेसवर इस्रायल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्नियर. एकूण 43 ट्रॅक रेकॉर्ड केले, त्यातले जमालने स्वतः निवडून रेकॉर्डवर घेतले फक्त आठ. पस्तीस बाजूला. (एडिटर म्हणून मला या आकड्याची फार असूया वाटते, मला दहातला एक काढायचा तरी क्लायंटला तीन मेल लिहावे लागतात.) ती रेकॉर्ड शंभराहून जास्त आठवडे खपाच्या यादीत टिकली. जॅझची रेकॉर्ड, तीही शब्दांशिवाय, पॉपच्या यादीत दोन वर्षं. कॉकटेल म्हणणाऱ्यांना त्यामुळे आणखीच खात्री पटली असणार, एवढं लोकांना आवडतंय म्हणजे नक्कीच हलकं असणार. हा आजार आपल्याकडच्या जाणकारांनाही चांगलाच ओळखीचा आहे.

'पॉइन्सियाना' सुमारे आठ मिनिटांचं आहे आणि त्याचा राजा, माझ्या मते, जमाल नाही. फोर्नियर आहे. एका हातात साधी काठी, दुसऱ्या हातात मऊ गोळ्याची, आणि त्यातून जो ठेका निघतो तो ऐकून शपथेवर सांगाल की दोन माणसं वाजवताहेत. फोर्नियर न्यू ऑर्लीन्सचा. तिथल्या रस्त्यावरच्या मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ड्रम एकाकडे आणि छोटा दुसऱ्याकडे असतो, त्या दोघांचं काम याने एकट्याच्या अंगात घेतलंय. त्याच्याखाली क्रॉस्बीची बेसची ओळ, तीच ती, परत परत, कंटाळा म्हणून नाही. आणि या सगळ्यावर जमाल येतो, दोन सूर टाकतो, निघून जातो.

माझा तो मेसेजवाला मित्र तबला वाजवतो. बरा वाजवतो, म्हणजे लोक त्याला साथीला बोलावतात एवढा. त्याला मी पहिल्यांदा हे ऐकवलं तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "सोपंय हे, चार मात्रांचंच तर आहे," आणि टेबलावर बोटं सुरू. उजवा हात जमला. डावा जमला. दोन्ही एकत्र आले की एक जण दुसऱ्याला खेचायचा. उजवा बरोबर राहिला की डावा त्याच्या मागे मागे जायला लागायचा, त्याला धरून ठेवलं की उजव्याचा तोल गेला. वीस मिनिटं करत होता, चेहरा लाल, शेवटी टेबलावर थाप मारून म्हणाला, "यात अवघड काहीच नाहीये, हाच प्रॉब्लेम आहे." मग जरा वेळाने, स्वतःशीच, "हा जो पियानोवाला आहे ना, तो समेवर येतच नाही बघ. सम दुसऱ्याला देऊन टाकलीये त्याने."

हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं. त्या सोमवारी रात्री आठवलं.

त्या रात्री मला झोप येत नव्हती म्हणून मी एक आचरटपणा केला. 'पॉइन्सियाना' एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. कामाची फाइल उघडावी तसं. म्हटलं बघू तरी, ज्या शांततेबद्दल सगळे लिहिताहेत ती दिसते कशी. कारण माझ्या स्क्रीनवर शांतता कशी दिसते ते मला पाठ आहे, सरळ रेघ, किंवा रेघेवर बारीक लव. ती दिसली की कापायची. मी झूम केलं, पियानो थांबतो त्या जागा शोधल्या, प्ले, थांबव, मागे, परत प्ले. रेघ कुठेच सरळ नाही. आठ मिनिटांत एकदाही नाही. जमाल थांबला की तिथे फोर्नियरची झांज आहे, क्रॉस्बीचं बोट तारेवरून सुटल्याचा आवाज आहे, लाउंजमध्ये बसलेल्या माणसांची कुजबूज आहे. पियानो चालू असताना हे सगळं असतंच, पण आपलं लक्ष नसतं, आपण बापडे पियानो ऐकत असतो. तो थांबतो आणि एकदम कळतं की अरे, हा ड्रमवाला काय करतोय! खोलीत आणखी माणसं आहेत!

म्हणजे मी जिला जमालची शांतता म्हणत होते तिच्यात शांत असं काही नव्हतंच. ती क्रॉस्बीची जागा होती. फोर्नियरची होती. बँड ज्याच्या नावाने चालतो, पोस्टरवर ज्याचं नाव मोठं, तो माणूस स्वतःची बोटं पट्ट्यांवरून उचलून दुसऱ्याला म्हणतोय की हं, तू बोल. आणि हे एखाद-दुसऱ्या सोलोपुरतं नाही, तसं तर सगळेच देतात, प्रत्येकाला आपापली पाळी. इथे पाळीबिळी नाही, ओळीच्या मध्येच, अर्ध्या वाक्यात, "मी येतोय" म्हणून येत नाही, आणि बेसवाला ते वाक्य पुरं करतो. त्याच रेकॉर्डवरचं 'बट नॉट फॉर मी' ऐका आणि एकदा फक्त क्रॉस्बीच्या मागे जा, पियानोकडे लक्षच देऊ नका. तो बेसवर वेगळंच गाणं म्हणतोय.

जमालला स्वतःला हा स्पेस शब्द तितकासा पसंत नव्हता. लोक स्पेस म्हणतात, मी शिस्त म्हणतो, अशा अर्थाचं तो बोलायचा. शिस्त हा शब्द मला आधी कोरडा वाटायचा, आता तोच बरोबर वाटतो. कारण ज्याला वाजवता येत नाही त्याने थांबण्यात कसली आलीये शिस्त, मीही पियानोसमोर तासभर थांबू शकते. जमालला सगळं वाजवता येत होतं. 1930 मध्ये पिट्सबर्गला जन्मला, तेव्हाचं नाव फ्रेडरिक जोन्स, इस्लाम स्वीकारल्यावर विशीत अहमद जमाल झाला. तीन वर्षांचा असताना काका पियानो वाजवत होते, त्यांनी गंमतीत म्हटलं, मी वाजवतोय ते वाजवून दाखव, आणि पोराने दाखवलं. पुढे मेरी कार्डवेल डॉसनकडे शिकला, याच बाईंनी कृष्णवर्णीय गायकांसाठी ऑपेरा कंपनी उभी केली होती. त्यामुळे युरोपियन क्लासिकलमधला लिस्ट आणि जॅझमधला एलिंग्टन हे दोन वेगळे कप्पे असतात हे त्याला बहुतेक कोणी सांगितलंच नाही. मावशी की आत्या, लुईस नावाची, ती नॉर्थ कॅरोलायनाहून गाण्यांची छापील नोटेशन्स पाठवायची, त्यातून शेकडो गाणी पाठ झाली. आणि गावही कसलं, जॅझमधली मोठी नावं, अर्ल हाइन्स, मेरी लू विल्यम्स, एरॉल गार्नर, बिली स्ट्रेहॉर्न, सगळ्यांचं पिट्सबर्गशी नातं. पोरगा लहानपणी पेपर टाकायचा त्यात एक घर स्ट्रेहॉर्नच्या घरच्यांचं होतं.

जॅझ हाही शब्द त्याला नको असायचा, अमेरिकन क्लासिकल म्युझिक म्हणा म्हणायचा. मी इथे सर्रास जॅझ लिहितेय. माफी.

मग 1962. त्रिकूट फुटलं. शिकागोत त्याने स्वतःचा क्लब काढला होता, अल्हाम्ब्रा, तिथे दारू विकायची नाही असा नियम, अशा क्लबचं जे व्हायचं तेच झालं, फार चालला नाही. क्रॉस्बी जॉर्ज शिअरिंग या दुसऱ्या पियानिस्टकडे गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्ट अटॅकने वारला. 43 व्या वर्षी. जमाल त्यानंतर दोन-तीन वर्षं जवळपास दिसेनासाच झाला. या काळाबद्दल फार लिहिलेलं मिळत नाही, आणि मला वाटतं ते ठीकच आहे, माणसाला गप्प बसावंसं वाटलं तर बसू द्यावं.

परत आला तो वेगळा होऊन. श्रद्धांजल्यांमध्ये हा जमाल फारसा नव्हता, आणि माझ्या चिडचिडीचं ते दुसरं कारण. 1970 ची 'द अवेकनिंग' ऐका, हात भरलेला आहे, डावा हात खाली गडगडतो, मध्येच सगळं अंगावर येतं. कुठेय तुमची ती मिनिमल शांतता? वीसेक वर्षांनी हिप-हॉपवाल्यांनी याच रेकॉर्डवरचे तुकडे कापून नेले, नॅस या रॅपरच्या 'द वर्ल्ड इज युअर्स'खाली जे पियानोचं वळण फिरत राहतं ते इथलं. कापणाऱ्यांना बरोबर कळतं कुठे कापायचं ते, आमची जात एकच.

म्हातारपणातले त्याचे व्हिडिओ तर माझे सगळ्यात लाडके. ऐंशी ओलांडलेली, काळा चष्मा, पांढरी दाढी. वाजवता वाजवता स्टुलावरून अर्धा उठतो, बोट करतो, तू! ड्रम्सवर हर्लिन रायली, हाही न्यू ऑर्लीन्सचाच, तो हसत हसत काहीतरी भलतंच वाजवतो, आणि जमाल हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतो. बघत बसतो म्हणजे अक्षरशः, पुढच्या रांगेतल्या श्रोत्यासारखा. मग अचानक पियानोवर दोन्ही हातांनी असा कोसळतो की सगळे दचकतात. 1958 मधला आणि हा, बाहेरून दोन वेगळे पियानिस्ट वाटतील. पण ते बोट करणं बघितलं की कळतं, तेव्हाही तो हेच करत होता, फक्त बोट न उचलता.

त्या आठवड्यात माझ्याकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलाखतीची फाइल होती. भावाबद्दल बोलताना ते थांबतात. पावणेपाच सेकंद. त्यात खुर्ची करकरते, मुलाखत घेणारी मुलगी काहीतरी विचारायला तोंड उघडते आणि विचारत नाही, तो ओठांचा आवाज येतो फक्त. मी ती गॅप तशीच ठेवली. मेल आला, इथे गॅप राहिलीये का, जरा टाइट करा. मी निम्मी कापली. लिहायला बरं वाटलं असतं की मी भांडले वगैरे, पण नाही, निम्मी कापली, मुलीच्या ओठांचा आवाज वाचवला, बिल पाठवलं.

2019 मध्ये त्याची 'बॅलेड्स' आली होती, बहुतेक सगळी एकट्याने वाजवलेली, दोन-तीन ठिकाणी फक्त बेसची सोबत. त्यात 'पॉइन्सियाना' आहे. एकट्या पियानोवर. मी ते बरेच दिवस टाळलं होतं, फोर्नियरशिवाय 'पॉइन्सियाना' म्हणजे काय ऐकायचं. क्रॉस्बीला जाऊन तर साठ वर्षं होऊन गेली, फोर्नियर 2000 मध्ये गेला. शनिवारी मित्र आला तेव्हा लावलं. दोघंही काही बोललो नाही. जमाल सावकाश वाजवत होता, आठवून आठवून वाजवावं तसं, एखादी ओळ घेऊन मध्येच सोडून द्यायचा, आणि खोलीत पंख्याशिवाय काही नाही. तिसऱ्या की चौथ्यांदा सोडलं तेव्हा टेबलावर टकटक ऐकू आली. मित्राची बोटं चालली होती, त्याला बहुतेक पत्ताही नव्हता, उजवा एक म्हणतोय, डावा दुसरं, आणि या वेळी कोणी कोणाला खेचत नव्हतं. मी बघितलं नाही त्याच्याकडे. बघितलं असतं तर थांबला असता.

पियानो संपला तरी बोटं आणखी थोडी चालली, मग चुकली.

"परत लाव," म्हणाला.